पट्टीवर ऑइल पूर्ण, तरी लाल दिवा लुकलुकतोय. गाडी चालवावी का?

प्रश्न थोडक्यात असा. २०१६ सालची डिझेल गाडी, १ लाख ४० हजार किलोमीटर चाललेली. पुण्याहून कोल्हापूरला जाताना खंबाटकी चढून आनेवाडीच्या टोलनाक्यावर रांगेत उभे राहिलात. एसी चालू होता, आणि डॅशबोर्डवरचा तेलाच्या झारीचा लाल दिवा लुकलुकायला लागला. थोडी रेस दिली की विझायचा, पाय काढला की परत यायचा. बाजूला घेऊन ऑइल मोजायची पट्टी काढून बघितली तर ऑइल वरच्या खुणेपाशी. ओळखीच्या फिटरने फोनवर सांगितलं, "सेन्सर गेला असेल, या सावकाश घेऊन." तुम्ही विचारताय, गाडी चालवावी का?

नका चालवू. गेज लावून ऑइलचं प्रेशर प्रत्यक्ष मोजेपर्यंत ही गाडी जिथे आहे तिथेच राहू द्या. सेन्सर गेला असण्याची शक्यता खरंच आहे, ती मी नाकारत नाही. पण तो गेला नसेल तर काय होतं, हे गेली सत्तावीस वर्षं मी इंजिनं उघडून बघतो आहे.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. हा दिवा चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत, ऑइल किती आहे ते सांगत नाही. ते पट्टी सांगते. दिवा सांगतो ते ऑइलच्या दाबाबद्दल, म्हणजे पंपाने उचललेलं ऑइल इंजिनाच्या नळ्यांमधून जोराने फिरतंय की नाही याबद्दल. गच्चीवरची टाकी काठोकाठ भरलेली असते, तरी मधे कुठे गळती असली तर तळमजल्याच्या नळाला धार येत नाही. तुमची पट्टी म्हणजे ती टाकी आणि दिवा म्हणजे तो नळ. काही गाड्यांत ऑइलची पातळी सांगणारा वेगळा पिवळा दिवा असतो. लाल दिवा मात्र दाबाचाच.

माझ्या टेबलावर मधोमध कापलेला एक ऑइल स्विच ठेवलेला असतो. गिऱ्हाईकाला हे प्रकरण समजावायला त्याच्याइतकं सोपं काही नाही. अंगठ्याच्या पेराएवढा नग, खाली आटे, वर एकाच वायरची पिन. आत एक पातळ पडदा, त्याच्या मागे छोटी स्प्रिंग आणि एकमेकांना टेकलेले दोन संपर्क. बस, एवढंच. इंजिन बंद असतं तेव्हा स्प्रिंग संपर्क दाबून धरते, म्हणून किल्ली ऑन केल्यावर करंट दिव्यातून, वायरमधून, स्विचमधून इंजिनाच्या ब्लॉकला, म्हणजे सांगाड्याला, पोचतो, अर्थिंग मिळतं आणि दिवा लागतो. इंजिन सुरू झालं की ऑइल खालून पडद्याला रेटतं, संपर्क सुटतात, दिवा विझतो. चालत्या गाडीत इंजिन बंद पडलं की ऑइलचा आणि बॅटरीचा असे दोन्ही दिवे एकदम लागतात, त्याचं कारणही हेच. बरेच जण त्याला घाबरतात, पण ते अगदी बरोबर आहे. पंप थांबला म्हणून दिवा लागला.

आता खरी मेख. ही स्प्रिंग साधारण ०.३ ते ०.५ बारला बसवलेली असते. बार हे दाबाचं माप; आम्ही गॅरेजमध्ये बारला किलो म्हणतो, म्हणजे हा 'अर्धा किलो'. गरम इंजिन आयडलला, म्हणजे रेस न देता नुसतं चालू, असताना धडधाकट गाडीत प्रेशर एक-सव्वा किलो तरी असतं आणि मिनिटाला ३००० फेऱ्यांना तीन ते चार किलो. मग कंपन्या स्विच दोन किलोला का बसवत नाहीत? कारण तसं केलं तर प्रत्येक चांगली गाडी सिग्नलला उभी राहिली की दिवा पेटेल, आणि महिनाभरात लोक त्याच्याकडे बघणं सोडून देतील. म्हणून आकडा मुद्दाम इतका खाली ठेवलेला आहे.

पण त्याची किंमत आपण मोजतो. समजा, हायवेवर शंभरच्या वेगात तुमचं प्रेशर साडेतीनवरून पाऊण किलोवर आलं. त्या भाराला ते अजिबात पुरेसं नाही, फिरत्या दांड्यांना आधार देणारी बेअरिंगं घासायला लागलेली आहेत. आणि दिवा? विझलेलाच. त्याच्या दृष्टीने पाऊण किलो अर्ध्यापेक्षा जास्त आहे. म्हणूनच "रेस दिली की दिवा जातो, म्हणजे काळजीचं काही नाही" हे वाक्य ऐकलं की मला भीती वाटते. रेस दिली की पंप जोरात फिरतो, प्रेशर अर्ध्या किलोच्या जरा वर जातं आणि दिवा गप्प होतो. दुखणं तिथेच असतं. (काही नव्या गाड्यांत साध्या स्विचऐवजी सेन्सर असतो, तो कॉम्प्युटरला नेमकं प्रेशर कळवतो आणि फेऱ्यांप्रमाणे इशाऱ्याची मर्यादा बदलते. तुमच्या गाडीच्या वयाच्या बहुतेक गाड्यांत साधा स्विचच सापडतो.)

हे प्रेशर तयार कुठे होतं? पंपात, असं बहुतेकांना वाटतं. पंप फक्त ऑइल ढकलतो. दाब तयार होतो पुढच्या अडथळ्यामुळे. शेतातल्या पाइपचं तोंड मोकळं सोडलं तर पाणी नुसतं पडतं, तोंडावर अंगठा दाबला की तेच पाणी दहा फुटांवर जातं. मोटर तीच, पाणी तेच. इंजिनात हा अंगठा म्हणजे क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, आणि बेअरिंग यांच्यामधली फट. नव्या इंजिनात ती मिलिमीटरच्या काही शतांश भागाएवढी, डोक्याच्या केसापेक्षा कमी असते. त्या फटीत ऑइलचा थर बसतो आणि क्रँक त्या थरावर तरंगते. लोखंड लोखंडाला टेकतच नाही. म्हणून तर इंजिन दोन-तीन लाख किलोमीटर चालतं.

फट वाढली की अंगठा सैल झाला. आणि ही वाढ सरळ हिशोबाने त्रास देत नाही. फट दुप्पट झाली तर तिच्यातून निसटणारं ऑइल आठपट होतं. त्यामुळे ०.०४ मिलिमीटरची ०.०८ झाली, एवढ्या किरकोळ वाटणाऱ्या झिजेने पंप हतबल होतो. त्यात उष्णता आली. ५डब्ल्यू-३० ग्रेडचं ऑइल ४० अंशांना जितकं दाट असतं, त्याच्या साधारण सहावा हिस्सा दाटपणा १०० अंशांना उरतो. आता तुमचा प्रसंग बघा. घाट चढून आल्यावर ऑइल शंभराच्याही वर तापलेलं, म्हणजे पातळ. गाडी रांगेत उभी, इंजिन ८०० फेऱ्यांवर, म्हणजे पंप ३००० फेऱ्यांच्या तुलनेत जेमतेम पाव मापानेच ऑइल ढकलतोय. वर एसीचा भार. प्रेशर सगळ्यात कमी असण्याची हीच वेळ. सकाळी घरासमोर थंड इंजिनाला दिवा का येत नव्हता, त्याचं उत्तरही यातच आहे.

म्हणून माझ्याकडे कोणी हा दिवा घेऊन आलं की माझा पहिला प्रश्न असतो: कधी लागला? दिवा एकच असला तरी तो लागण्याच्या वेळा वेगवेगळ्या, आणि प्रत्येक वेळ वेगळं दुखणं सांगते.

घाटात वळणावर किंवा जोरात ब्रेक मारल्यावर क्षणभर लागून विझला, तर बहुधा ऑइल कमी आहे. ते एका बाजूला सरकतं, पंपाची ऑइल ओढणारी जाळी उघडी पडते आणि पंप हवा ओढतो. सकाळी सुरू केल्यावर तीन-चार सेकंद रेंगाळून विझत असेल तर फिल्टर बघा. चांगल्या फिल्टरमध्ये रबराचा एक पडदा असतो, तो रात्रभर ऑइल खाली उतरू देत नाही. हलक्या फिल्टरमध्ये तो पडदा कडक होतो किंवा नीट बसतच नाही.

गरम इंजिनाला आयडलला लुकलुकतो, तुमच्यासारखा, तर ऑइल पातळ झालंय, चुकीच्या ग्रेडचं भरलंय, पंप किंवा त्याचा रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडून देणारी झडप) झिजलाय, किंवा बेअरिंगं सैल झालीत. ऑइल पातळ होण्याचं एक कारण बीएस-६ च्या, म्हणजे एप्रिल २०२० नंतरच्या डिझेल गाड्यांत मी आता वरचेवर बघतो. सायलेन्सरमधल्या फिल्टरमधली काजळी जाळायला इंजिन जादा डिझेल सोडतं. गाडी रोज दोन-चार किलोमीटरच चालत असेल तर ती सफाई अर्धवट राहते आणि डिझेल ऑइलमध्ये उतरतं. पट्टीवर पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसते, ऑइलला डिझेलचा वास येतो. वाढलेलं ऑइल बघून लोक खूश होतात, हे फार वाईट आहे. तुमची गाडी २०१६ ची, तेव्हा हे कारण मागे ठेवू. तरीही पट्टीवरचा थेंब दोन बोटांत घासून वास जरूर घ्या. डिझेल फवारणारा इंजेक्टर गळत असेल तरी हाच वास येतो.

आणि चौथी वेळ: आयडलला ठीक, पण वेग वाढला की लागतो. हे वरच्या सगळ्याच्या उलट आहे, म्हणून लोक गोंधळतात. यात पंपाला ऑइल ओढायलाच मिळत नसतं. एका शिक्षकांची गाडी माझ्याकडे आली होती. गणपतीत कोकणातल्या गावी जाताना कच्च्या रस्त्यावर दगड खालून लागला. त्यांनी उतरून खाली वाकून पाहिलं, ऑइलचा एक थेंब नाही. पट्टी बघितली, पूर्ण. मनात म्हणाले, देव पावला. परत येताना मोठ्या रस्त्याला लागून सत्तरच्या पुढे गेलं की दिवा यायचा, वेग कमी केला की जायचा. त्यांनी वाटेत लिटरभर ऑइल वरून ओतलं. दिवा तसाच. गाडी आली तेव्हा खालून ठक ठक असा ठोका येत होता.

लिफ्टवर घेतली तर चेंबरला बशीएवढा खळगा, पत्रा फाटलेला नाही. चेंबर उतरवलं. ऑइल ओढणारी जाळी चेंबरच्या तळापासून बोटभराहून कमी अंतरावर असते. खळग्याचा फुगवटा आतून थेट त्या जाळीच्या तोंडाला टेकला होता. जाळीच्या कडेवर तो टेकल्याची चकचकीत चंद्रकोर उमटलेली मला अजून आठवते. आयडलला लागेल तेवढं ऑइल त्या फटीतून जात होतं, वेगात कमी पडत होतं. पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग काढून हातात घेतलं. त्याचा चंदेरी थर मधे पूर्ण गेलेला, खालचा तांबूस धातू उघडा, आणि बोट फिरवलं की रेघा नखाला लागत होत्या. क्रँक घासून, त्या बारीक झालेल्या मापाची अंडरसाइज बेअरिंगं टाकावी लागली. त्या दगडाजवळच गाडी थांबवून टोचन करून आणली असती तर नवं चेंबर आणि ताजं ऑइल, एवढ्यावर भागलं असतं. खालून दणका बसला की फक्त गळती बघू नका, खळगा बघा.

जाळी आतूनही बुजते. ऑइल बदलायचे हप्ते चुकवले की झाकणांच्या आतल्या बाजूला काळा, लोण्यासारखा गाळ धरतो. मग कोणीतरी फ्लश टाकून इंजिन साफ करायला सांगतं, गाळ एकदम सुटतो आणि जाळीवर जाऊन बसतो. फार गाळ धरलेल्या जुन्या इंजिनात मी फ्लश टाकत नाही. चेंबर उतरवून हाताने साफ करतो. वेळ जास्त जातो, पण इंजिन वाचतं.

आता तुमच्या फिटरच्या म्हणण्याकडे येऊ. स्विच बिघडतो, यात शंका नाही. पडदा फाटला की त्यातून ऑइल झिरपतं. पिन काढली की आत ओलं दिसतं आणि खाली ब्लॉकवर ओघळ असतो. वायरचं आवरण घासून ती ब्लॉकला टेकली तर दिवा कायम लागून राहतो, कितीही रेस द्या. फेऱ्यांप्रमाणे नेमाने जाणारा-येणारा दिवा मात्र बहुतेक वेळा खरं बोलत असतो, आणि तुमचं वर्णन तसंच आहे. स्विच काही शे रुपयांचा असतो, म्हणून बरेच जण तो बदलून बघतात. नवा टाकून दिवा गेला तर ठीक, अशी समजूत. पण नवा स्विच ०.५ ऐवजी ०.३ ला सुटणारा निघाला, तर तुमचं ०.४ किलोचं आजारी प्रेशर त्याला चालतं. दिवा विझतो आणि इंजिन झिजत राहतं.

खरी परीक्षा एकच. स्विच काढायचा आणि त्याच आट्यात काट्याचं साधं गेज बसवायचं. गाडी पूर्ण गरम करायची, रेडिएटरचा पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत. मग आयडलला, २००० ला आणि ३००० ला काटा कुठे राहतो ते लिहून ठेवायचं. अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे. गॅरेजवाला "गेजची गरज नाही, मला आवाजावरून कळतं" म्हणाला तर दुसरीकडे जा. आवाज येतो तोवर बेअरिंग गेलेलं असतं.

चालत्या गाडीत दिवा लागला तर काय करायचं तेही सांगतो, कारण यात दोन्ही बाजूंनी चुका होतात. काही जण पुढच्या गावापर्यंत रेटतात. भाराखालच्या इंजिनाला दाबाशिवाय अर्धं मिनिटसुद्धा फार असतं. रॉडची बेअरिंगं आधी जातात, आणि टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेत असतो, तोही याच ऑइलवर. काही जण उलट घाबरून उतारावरच किल्ली फिरवतात. तेही करू नका. इंजिन बंद झालं की स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकला जोर देणारा बूस्टर दोन-तीन दाबांतच संपतो. आरसा बघा, रेस सोडा, हॅझर्ड लावा, कडेला घ्या, थांबा, आणि लगेच इंजिन बंद करा. सोसायटीच्या जनरेटरला प्रेशर पडलं की तो आपोआप बंद होतो, कारण त्याच्याजवळ कोणी बसलेलं नसतं. बहुतेक गाड्या तसं करत नाहीत, कारण घाटात मधेच इंजिन बंद पडणं जास्त धोक्याचं आहे. तिथे निर्णय ड्रायव्हरने घ्यायचा असतो.

थांबल्यावर गाडीखाली बघा, दहा मिनिटांनी सपाट जागेवर पट्टी काढा. ऑइल खालच्या खुणेच्याही खाली असेल आणि धार लागलेली नसेल, तर योग्य ग्रेडचं भरून सुरू करा. पाच सेकंदांत दिवा गेला आणि आवाज नेहमीचा असेल तर हळू जवळच्या गॅरेजपर्यंत जा. पट्टी पूर्ण असताना दिवा लागला असेल तर पुन्हा सुरूच करू नका. टोचन बोलवा. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तरी तेच, कारण पाणी मिसळलंय.

यापुढे तुम्हाला कोणी २०डब्ल्यू-५० टाकायला सांगेल. जाड ऑइलने फट तात्पुरती भरल्यासारखी होते, प्रेशर थोडं चढतं, दिवा जातो. पण तुमच्या इंजिनातल्या बारीक वाटा आणि टर्बोची नळी पातळ ऑइलसाठी केलेल्या आहेत. थंड इंजिनात जाड ऑइल वर पोचायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ वरचा भाग कोरडा फिरतो. जुन्या गाड्यांच्या बाजारात ही युक्ती सर्रास चालते, म्हणून वापरलेली गाडी घेताना ती थंड बघून समाधान मानू नका. अर्धा तास चालवा, मग आयडलला सोडून दिव्याकडे बघा. आणि सुरू करण्यापूर्वी किल्ली नुसती ऑन करा. बटणाची गाडी असेल तर क्लच किंवा ब्रेक न दाबता, डॅशबोर्डवरचे दिवे लागेपर्यंत बटण दाबा. लाल झारी त्या वेळी दिसलीच पाहिजे. दिसली नाही तर वायर तुटलीय किंवा कोणीतरी काढलीय. मी एकदा ऑइलच्या दिव्याची वायर बॅटरीच्या दिव्याला जोडलेली पाहिली आहे. दोन्ही एकदम लागायचे, एकदम विझायचे, आणि घेणाऱ्याला शंकाही आली नाही.

आता तुमच्या गाडीचं. नेमके आकडे तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतात, गॅरेजला ते काढायला सांगा. ढोबळमानाने, गरम आयडलला एक किलोच्या आसपास आणि ३००० ला तीन किलोच्या वर काटा राहिला, तर इंजिन चांगलं आहे. स्विच बदला, वायर तपासा आणि निर्धास्त जा. आयडलला अर्ध्याच्या आत पण ३००० ला अडीच-तीन येत असेल, तर आधी ऑइल आणि चांगला फिल्टर बदलून, कंपनीने सांगितलेल्या ग्रेडवर, परत मोजा. कित्येकदा आधीच्या सर्व्हिसला भलतंच ऑइल भरलेलं निघतं. तरीही आकडा हलला नाही, किंवा ३००० लाही दीड-दोनच्या वर काटा जात नसेल, तर चेंबर उतरवा. जाळी बघा, पंप आणि रिलीफ व्हॉल्व्ह बघा, आणि खालूनच एका रॉडची टोपी सोडून बेअरिंग डोळ्यांनी बघा. एवढ्यासाठी इंजिन उतरवावं लागत नाही. जुना फिल्टरही फेकू देऊ नका. तो कापून आतला कागद उन्हात उलगडून धरायला सांगा. घड्यांमध्ये चमकी दिसली तर बेअरिंगं झिजलेली आहेत, आणि मग हाफ इंजिनाची, म्हणजे इंजिनाचा खालचा अर्धा भाग खोलून करायच्या कामाची, तयारी ठेवा. काळं पण स्वच्छ ऑइल दिसलं तर बहुधा पंपावर किंवा जाळीवर निभावेल. गेजचे तीन आकडे आणि त्या कागदाचा उजेडातला एक फोटो मिळाला की पुढचं नेमकं सांगता येईल.